जेल पॉलिश लावताय? आधी बाटली दाखवा म्हणा!

वसई-विरारमध्ये पाण्याचा प्रश्न आहे, खड्डे आहेत, अनधिकृत इमारती आहेत, विरार लोकलची गर्दी आहे. आणि हा पत्रकार नेलपॉलिशवर लिहायला बसलाय! असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणणार, मला माहीत आहे. म्हणा. फक्त पोस्ट शेवटपर्यंत वाचा आणि मग म्हणा.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक मुलगी राहते. वय तेवीस. नाव लिहीत नाही, कारण तिला अजून याच धंद्यात पोट भरायचंय. बारावी झाली, वडिलांचं काम सुटलेलं, म्हणून पंधरा दिवसांचा नेल आर्टचा क्लास केला आणि एका पार्लरमध्ये लागली. तीन वर्षं झाली. एरवी दिवसाला पाच-सहा गिऱ्हाइकं, लग्नसराईत दहासुद्धा. आपल्याकडे लग्नसराई म्हणजे काय ते सांगायला नको. नाताळ संपला की उपवासकाळ सुरू व्हायच्या आत ख्रिस्ती लग्नं, मग हिंदूंचे मुहूर्त, हळदी, साखरपुडे. आता नवरीच नाही, तिच्या बहिणी, मावश्या, मैत्रिणी सगळ्यांना जेल पॉलिश लागतं.

गेल्या वर्षी तिच्या बोटांची टोकं लाल व्हायला लागली. मग सालं निघाली, मग भेगा. आईला वाटलं भांड्याच्या साबणाने होतंय. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. लावली की आठ दिवस बरं, कामावर गेलं की पुन्हा तेच. मग एक दिवस सकाळी उठली तर पापण्या सुजलेल्या. शेवटी मुंबईला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं, पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट केली. निष्कर्ष : मेथाक्रिलेटची ॲलर्जी. म्हणजे ज्या जेलवर ती पोट भरते, त्याच जेलची.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही ॲलर्जी एकदा जडली की साधारणपणे जन्मभर राहते. दोन, दात भरायला किंवा हाडाच्या ऑपरेशनला कधी जाल तेव्हा आधी सांगा, कारण दातांत भरायच्या सिमेंटमध्ये आणि हाडाच्या सिमेंटमध्ये याच कुळातली रसायनं असतात.

परवा जिन्यात भेटली. हाताला कापडी मोजे. म्हणाली, "काका, मला दुसरं काहीच येत नाही. आता काय करू सांगा ना."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ही पोस्ट.

मी तिच्या पार्लरमध्ये गेलो. मालकीणबाईंनी चहा मागवला, छान बोलल्या. मी म्हटलं, ताई, तुम्ही वापरता त्या जेलची बाटली जरा दाखवता का? त्यांनी ट्रेच पुढे केला. साठ-सत्तर रंग. बाटलीवर काय लिहिलेलं? एक इंग्रजी नाव, शेडचा नंबर आणि '१५ एमएल'. कोणी बनवलं, कुठे बनवलं, कोणी आयात केलं, कधीपर्यंत वापरायचं, आत काय आहे, काही नाही. मी विचारलं, कुठून आणता? म्हणाल्या, "दादा, मुंबईहून होलसेलने येतं. सगळे हेच वापरतात."

सगळे हेच वापरतात. हे वाक्य मी पुढच्या आठवड्यात विरार, नालासोपारा, वसई रोड, नायगाव इथल्या बऱ्याच पार्लरमध्ये ऐकलं. काही ठिकाणी पूर्ण लेबल असलेला चांगला माल होता, ते मान्य केलंच पाहिजे. एका ताईंनी तर स्वतःहून बिलं काढून दाखवली. पण काही ठिकाणी मोठ्या डब्यातून छोट्या बाटल्या भरून ठेवलेल्या होत्या आणि एका ठिकाणी मला सरळ विचारलं, "तुम्ही कोण? हप्ता मागायला आलात का?" यावरून आपल्या शहरात चौकशी करायला कोण कोण येतं याचाही अंदाज येतो. असो.

आता थोडं समजून घेऊ, हे प्रकरण नेमकं काय आहे.

साधं नेलपॉलिश हवेवर वाळतं. त्यातला द्रव उडून जातो आणि रंगाचा थर राहतो. जेलचं तसं नसतं. जेल हे पातळ, अर्धवट प्लास्टिक असतं. दिव्याखाली धरलं की त्यातले लहान रेणू एकमेकांना जोडले जातात आणि कडक प्लास्टिक तयार होतं. हे जोडकाम पूर्ण झालं तर ते फारसं त्रास देत नाही. अपुरं राहिलं किंवा ओलं जेल कातडीला लागलं, तर ते लहान रेणू त्वचेत शिरतात. त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे हायड्रॉक्सिइथाइल मेथाक्रिलेट. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'हेमा' म्हणतात. नाव ऐकून शेजारची कुणी ताई वाटेल, पण ही हेमा वेगळी. हिच्यामुळे जेल नखाला घट्ट चिकटतं आणि हिच्यामुळेच ॲलर्जी जडते.

हे काही मी शोधलेलं नाही. अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचारोगांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ सालचा 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून ॲक्रिलेट हेच कूळ जाहीर केलं होतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने कृत्रिम नखं आणि जेलच्या ॲलर्जीबद्दल लोकांना जाहीर इशारा दिला. युरोपियन युनियनने २०२१ पासून हेमा असलेल्या नखांच्या उत्पादनांवर 'फक्त व्यावसायिक वापरासाठी' आणि 'ॲलर्जी होऊ शकते' असं छापणं सक्तीचं केलं.

दुसरं एक रसायन आहे टीपीओ. दिव्याचा प्रकाश पडल्यावर जेल कडक व्हायची प्रक्रिया सुरू करून देणारा हा घटक. १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपियन युनियनने सौंदर्यप्रसाधनांत टीपीओ पूर्ण बंद केलं. कारण प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा प्रजननक्षमतेवर परिणाम दिसला होता.

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे 'जेल पॉलिशने बाई वांझ होते', 'नखं केली आणि कॅन्सर झाला' असले मेसेज कृपया पुढे ढकलू नका. टीपीओचे ते प्रयोग उंदरांना मोठ्या मात्रेत पोटातून देऊन केलेले होते. नखाला जेल लावून माणसाला तसं झालं, असा पुरावा नाही. युरोपचा नियमच असा आहे की एखादं रसायन त्या वर्गात टाकलं की ते सौंदर्यप्रसाधनातून काढायचं. पर्याय उपलब्ध असताना धोका का पत्करायचा, एवढाच तो विचार. दिव्याचंही तसंच. २०२३ च्या जानेवारीत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी जेलच्या दिव्याखाली पेशी ठेवून बघितल्या. वीस मिनिटांच्या एका खेपेत वीस ते तीस टक्के पेशी मेल्या, उरलेल्यांपैकी काहींच्या डीएनएमध्ये बिघाड दिसला. पण त्या काचेच्या बशीतल्या पेशी होत्या, जिवंत हात नव्हता. त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. हाताला सनस्क्रीन लावा किंवा बोटांची टोकं उघडी असलेले मोजे घाला, काम भागतं.

म्हणजे माझं म्हणणं जेल पॉलिश बंद करा असं नाही. बायकांनी नटूच नये असं सांगणारे काका-मामा कमेंटमध्ये यायच्या आत सांगतो, या पोस्टचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही. "कशाला हवेत हे नखरे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की या नखऱ्यांवर वसई-विरारमधल्या कितीतरी घरांच्या चुली पेटतात. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा घरातल्या खोलीत पार्लर टाकून मुलांच्या फिया भरणाऱ्या बायका मी स्वतः बघितल्यात. रोज विरार लोकलने अंधेरी-वांद्र्याला जाऊन दिवसभर दुसऱ्यांची नखं रंगवणाऱ्या मुली याच गाडीत तुमच्या शेजारी उभ्या असतात. माझं भांडण नखऱ्यांशी नाही. बिननावाच्या बाटलीशी आहे.

आणि ती बाटली आपल्या कायद्याच्या डोळ्यांदेखत विकली जाते.

आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, १९४० चा. त्याखाली सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० आहेत. त्यांनुसार देशात बनवलेल्या मालावर उत्पादकाचं नाव, ठिकाण, परवाना क्रमांक आणि वापराची मुदत हवी. बाहेरून आणलेल्या मालाची केंद्रीय औषध नियंत्रकांकडे नोंदणी हवी, आणि बाटलीवर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयातदाराचं नाव-पत्ता हवा. भलत्याच कंपनीच्या किंवा अस्तित्वातच नसलेल्या कंपनीच्या नावाने माल विकला तर तो बनावट ठरतो आणि तीन वर्षांपर्यंत कैद, किमान ५० हजार दंड अशी शिक्षा आहे. कायदा कागदावर कडक आहे.

पण याच नियमांत एक भगदाड आहे. लेबलवर घटकांची यादी छापायची सक्ती आहे, मात्र ६० मिलीपेक्षा लहान द्रवाच्या बाटलीला त्यातून सूट आहे. जेल पॉलिशची बाटली किती मिलीची? आठ, दहा, पंधरा. म्हणजे शाम्पूच्या मोठ्या बाटलीवर आत काय आहे ते लिहायचं, आणि ज्याने मुलींची बोटं सोलून निघतात त्याच्यावर लिहायची गरज नाही! आकाराने लहान म्हणून सूट. विंचूसुद्धा आकाराने लहानच असतो.

दुसरं भगदाड विक्रीचं. औषध विकायला परवाना लागतो. सौंदर्यप्रसाधन विकायला आपल्या कायद्यात वेगळा विक्री परवाना लागत नाही. त्यामुळे कोण, कुठे, काय विकतोय याची यादीच प्रशासनाकडे नाही. मेडिकलची तपासणी होते, पार्लरला माल पुरवणाऱ्याकडे कोण जाणार?

तिसरं भगदाड कामगारांचं. युरोप म्हणतो 'फक्त व्यावसायिक वापरासाठी'. आपल्याकडे व्यावसायिक कोण? पंधरा दिवसांचा क्लास केलेली, बाटलीवरचं इंग्रजी वाचायलाही कुणी न शिकवलेली मुलगी. नेल टेक्निशियनसाठी कौशल्य विकासाचे अभ्यासक्रम आहेत, पण तो केलेलीच मुलगी ठेवा अशी पार्लरवर सक्ती नाही. आणि दोन-तीन मुली कामाला असलेल्या पार्लरसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा म्हणजे एक सूचनापत्र देण्यापुरता. ईएसआय नाही, आजारपणाची पगारी रजा नाही. बोटं खराब झाली की मुलगी घरी, दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीवर नवी मुलगी. त्याच बाटल्या, तोच दिवा.

"पण काही मोठं घडलंय का हो?" असं मला एका मित्राने विचारलं. घडलंय. आपल्याच महाराष्ट्रात. २०२२ मध्ये अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, मूत्रपिंडाच्या आजाराने पडल्या. कारण सापडेना. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिघी लावत असलेल्या चेहऱ्याच्या क्रीमवर संशय गेला. ते तपासलं तर त्यात पारा निघाला. क्रीम कुठलं? स्थानिक ब्युटीशियनने दिलेलं. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले असेच रुग्ण नोंदवले आणि ते २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

क्रीम वेगळं, जेल वेगळं, मला कळतं. जेलने मूत्रपिंड जातं असं मी म्हणत नाही. पण गोष्ट एकच आहे. बिननावाचा डबा, विश्वासातली ब्युटीशियन, आणि कुणीतरी हॉस्पिटलात पोचेपर्यंत कुणीच न विचारलेला प्रश्न : यात आहे काय?

आता पार्लरच्या मालकीणबाईंची बाजू. त्यांनाही मी शत्रू मानत नाही. त्यातल्या बहुतेक स्वतःच खुर्चीत बसून काम करतात, त्यांचेही हात त्याच जेलमध्ये असतात. त्यांचे तीन मुद्दे आहेत.

पहिला : "आमच्याकडे कुणाला काही झालं नाही." ताई, ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. महिने, कधी वर्षं हात लागत राहतो आणि मग एक दिवस शरीर हिशोब मांडतं. गिऱ्हाईक महिन्यातून एकदा येतं, तुमची मुलगी दिवसातून सहा वेळा हात घालते. आधी बळी कोण जाणार? आणि गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर खाज सुटली तर ती तुम्हाला सांगायला येत नाही. ती फक्त पुन्हा येत नाही.

दुसरा : "चांगला माल परवडत नाही." हिशोब करू. समजा चांगली बाटली स्वस्त बाटलीपेक्षा ५०० रुपयांनी महाग आहे. बेस, रंग आणि टॉप अशा तीन बाटल्या धरल्या तर १५०० रुपये जास्त. पंधरा मिलीत तीस गिऱ्हाइकं जरी धरली, तरी एका गिऱ्हाइकामागे पन्नास रुपये. नवरीच्या मेकअपला हजारो रुपये देणारं घर पन्नास रुपये जास्त देणार नाही? अडचण खरी कुठे आहे ते मला एका जुन्या ब्युटीशियन बाईंनी सांगितलं. अडचण रंगांची आहे. साठ शेड ठेवायचे तर पैसा अडकतो. त्यावर त्यांचाच उपाय : साठ बिननावाचे ठेवण्यापेक्षा वीस नावाचे ठेवा. आणि सगळं एकदम बदलता येत नसेल तर सुरुवात बेस कोटपासून करा, कारण नखाला थेट तोच लागतो आणि चिकटपणासाठी हेमा बहुधा त्यातच जास्त असते.

तिसरा : "गिऱ्हाईकच स्वस्त मागतं." हा मुद्दा मात्र खरा आहे. त्याबद्दल पुढे बोलतो.

तर मग सुरक्षित जेल निवडायचं कसं? मी केमिस्ट नाही. डॉक्टरांशी, जुन्या ब्युटीशियन बायकांशी बोलून आणि नियम वाचून जे हाती आलं ते साध्या भाषेत मांडतो.

१) बाटली मूळची, सीलबंद हवी. डब्यातून भरलेली नको. त्यावर उत्पादकाचं नाव-ठिकाण, परवाना क्रमांक आणि मुदत हवी. आयात केलेली असेल तर नोंदणी क्रमांक आणि आयातदाराचा पत्ता. हे नसेल तर ब्रँडचं नाव कितीही मोठं असो, परत करा. नावाची नक्कल करणं सोपं असतं. पक्कं बिल मागा. जो बिल देत नाही, तो उद्या जबाबदारीही घेणार नाही.

२) घटकांची यादी कायद्याने सक्तीची नसली तरी चांगल्या कंपन्या खोक्यावर किंवा वेबसाइटवर देतात. जी देत नाही ती घेऊ नका. यादीत टीपीओ नसलेलं घ्या, आता तसे जेल मिळतात.

३) 'हेमा-फ्री' लिहिलंय म्हणून डोळे मिटून घेऊ नका. हेमा काढून तिचीच चुलत बहीण हायड्रॉक्सिप्रोपाइल मेथाक्रिलेट घातलेली असू शकते, आणि एकीची ॲलर्जी असलेल्याला दुसरीचीही होऊ शकते. धोका कमी होतो, संपत नाही.

४) 'थ्री-फ्री', 'टेन-फ्री', 'नॉन-टॉक्सिक' या शब्दांना भुलू नका. थ्री-फ्रीमधली टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड, डायब्युटाइल थॅलेट ही तीन नावं साध्या नेलपॉलिशच्या काळातली. जेलमध्ये ती एरवीही नसतात. म्हणजे दूधवाल्याने 'माझ्या दुधात दारू नाही' अशी पाटी लावण्यासारखं आहे.

५) 'शेलॅक' हा प्रकार नाही, ते सीएनडी या एका कंपनीने २०१० मध्ये आणलेल्या उत्पादनाचं नाव आहे. बोर्डावर शेलॅक आणि ट्रेमध्ये भलतंच, असं असेल तर ती सरळ फसवणूक आहे.

६) दिवा आणि जेल जुळलं पाहिजे. कंपनी ज्या दिव्याखाली, जितके सेकंद सांगते तितके सेकंद. जुना, अर्धे बल्ब गेलेला दिवा वापरला तर वरून कडक दिसतं आणि आतून ओलं राहतं. उत्तम जेलसुद्धा खराब दिव्याखाली घातक ठरतं. थर पातळ लावा, कातडीला लागलं तर दिव्याखाली धरायच्या आधीच पुसा.

७) काम करणाऱ्या मुलीला नायट्राइलचे मोजे द्या, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे. साध्या रबरी मोज्यातून ही रसायनं काही मिनिटांत आरपार जातात. घासताना उडणाऱ्या भुकटीसाठी मास्क हवा. खोलीला खिडकी हवी. एसी म्हणजे खिडकी नव्हे. आणि ॲसिटोनची बाटली देवाच्या दिव्याजवळ ठेवू नका, ते पेट्रोलसारखं पेट घेतं.

८) घरी ऑनलाइन किट मागवून शाळकरी मुलींच्या नखांवर प्रयोग करू नका. ज्या वस्तूवर युरोपात 'फक्त व्यावसायिक' लिहावं लागतं, ती आपल्याकडे दहावीतली मुलगी दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणींना लावत बसते.

आता गिऱ्हाइकांबद्दल. म्हणजे तुमच्या-माझ्या घरच्यांबद्दल. भाजीवाल्याकडे आपण वांगं उलटंपालटं करून बघतो. मासळीबाजारात कल्ला उघडून पापलेट ताजं आहे का ते तपासतो. अर्नाळ्याच्या कोळणीशी दहा रुपयांसाठी वाद घालतो. आणि पार्लरमध्ये पाचशे-हजार रुपये देऊन हात पुढे करतो तेव्हा बाटली बघत नाही? 'ताई, बाटली दाखवा' हे तीन शब्द आहेत. त्यात अपमान कुणाचाच नाही. दाखवणाऱ्या पार्लरचं नाव चार जणींना सांगा. प्रामाणिक ब्युटीशियनला याच्याइतकी दुसरी मदत नाही, कारण आज तिचा चांगला माल आणि शेजारचा बिननावाचा माल एकाच भावात तोलला जातो.

आणि आता ज्यांनी खरं काम करायचंय त्यांच्याबद्दल.

अन्न व औषध प्रशासनाने दिवाळीत खवा-मिठाईचे नमुने घेतले की फोटो येतात, आम्ही छापतो. लग्नसराईच्या आधी पार्लरच्या मालाचे नमुने घ्या ना कधी. दुकानदाराला छळायला सांगत नाही. त्याला पुरवणारा होलसेलवाला कोण, त्याचा आयातदार कोण, तिथवर जा. पार्लरवाल्या बाईला दमदाटी करून वर्तमानपत्रात फोटो छापून आणाल आणि गोदामवाला मोकळा राहील, तर त्या कारवाईचा काही उपयोग नाही.

महापालिकेने आपल्या नऊ प्रभाग समित्यांमध्ये पार्लर चालवणाऱ्या बायकांसाठी एकेक दिवसाचं शिबिर घ्यावं. त्वचेचा एक डॉक्टर, औषध निरीक्षक, एक जाणकार ब्युटीशियन. खर्च किती? एखाद्या उद्घाटनाच्या मंडपापेक्षा कमीच.

खासदार-आमदारांना एकच विनंती. बाटली ६० मिलीच्या आत असली तरी नखांच्या जेलवर घटकांची यादी सक्तीची करा, हा मुद्दा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे मांडा. रिबिनी कापताना ज्यांच्याबरोबर सेल्फी काढता, त्यातल्या निम्म्या हातांवर हेच जेल आहे.

आणि आम्ही पत्रकार? आम्हीही धुतल्या तांदळासारखे नाही. नव्या सलूनच्या उद्घाटनाची जाहिरात-बातमी मी स्वतः कितीदा लिहिली आहे. 'परदेशी तंत्रज्ञान, माफक दर' असं. त्या परदेशी तंत्रज्ञानाची बाटली बघायची बुद्धी मला तेवीस वर्षांच्या मुलीचे सोललेले हात बघेपर्यंत झाली नाही.

शेवटी कामाच्या गोष्टी. माल संशयास्पद वाटला तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५. ग्राहक म्हणून फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि फार कमी लोकांना माहीत असलेली एक तरतूद : औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६ नुसार विकत घेतलेलं सौंदर्यप्रसाधन सामान्य खरेदीदारसुद्धा शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. म्हणजे तुम्ही, मी, कुणीही. मी एक बाटली पक्क्या बिलासकट घेतली आहे आणि अर्जाची तयारी सुरू केली आहे. जे निघेल ते इथेच लिहीन. काही वाईट निघालं नाही, तर तेही लिहीन.

आमच्या बिल्डिंगमधल्या त्या मुलीला सध्या एका ओळखीच्या पार्लरमध्ये रिसेप्शनवर बसवलंय. पगार आधीपेक्षा कमी. काल भेटली तेव्हा म्हणाली, "काका, तिथे नवीन मुलगी आलीय नखांना. एकोणीस वर्षांची. मी तिला मोजे घालायला सांगते, पण मोजे दुकानातून मिळत नाहीत, स्वतःच्या पैशाने आणावे लागतात."

तुमच्या ओळखीचं कुणी पार्लर चालवत असेल तर ही पोस्ट त्यांना पाठवा. भांडायला नको, नीट वाचायला सांगा. आणि पुढच्या वेळी नखं करायला जाल तेव्हा हात पुढे करायच्या आधी बाटली मागा. बाटली दाखवली तर त्या ताईंना धन्यवाद द्या. आणि जाताजाता समोर बसलेल्या मुलीच्या हातात मोजे आहेत का, तेही बघा.